'पाल', 'पालु' आणि 'पॅल' : सारखे दिसतात, पण सगे आहेत का?

देगलूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : तेलुगूत दुधाला 'पालु', आपल्या भिंतीवर 'पाल', माळेगावच्या यात्रेत भटक्यांची 'पालं', आणि इंग्रजीत मित्राला 'पॅल'. हे सगळे 'गोपाल'मधल्या 'पाल'पासूनच निघाले, असं कुणी सांगतं. ते खरं का?

नाही. 'गोपाल'मधला पाल म्हणजे राखणारा. गाय राखली की दूध आलंच, म्हणून हा तर्क पटकन गळी उतरतो. पण तोंडोतोंडी आलेला 'गोपाल' मराठीत 'गवळी' होऊन बसला आहे. मधल्या 'प'चा 'व' झाला. द्वारपाल, राज्यपाल हे संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द, म्हणून त्यांचा 'प' शाबूत.

तेलुगूतला 'पालु' द्राविडी आहे. तमिळ, मल्याळममध्ये तोच 'पाल्'. उमरगा-निलंग्याकडे कानडी कानावर पडते, तिथे मात्र दूध 'हालु'. जुन्या कानडीतला शब्दारंभीचा 'प' पुढे बहुतेक ठिकाणी 'ह' झाला, त्याचा हा परिणाम. तेलुगूत वाघ 'पुलि', कानडीत 'हुलि'. तमिळमध्ये फूल 'पू', कानडीत 'हूवु'. देगलूरचा 'पालु' घेऊन बिदरच्या बाजारात गेलात तर पंचाईत, कारण कानडीतही 'पालु' आहे, पण त्याचा अर्थ वाटा.

आता भिंतीवरची पाल. संस्कृतात ती 'पल्ली'. जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला, शेवटचा गळला. जोडाक्षर सुटून स्वर लांबण्याची ही चाल हस्त-हात, कर्ण-कान यांतही दिसते. तमिळमध्ये पाल म्हणजे 'पल्लि', तेलुगूत 'बल्लि', कानडीत 'हल्लि'. म्हणून संस्कृतातला शब्द मूळचा द्राविडी मानतात. गंमत अशी की 'पाल' आणि 'हल्लि' कानाला परके वाटतात, पण ते एका कुळातले. 'पाल' आणि 'पालु' जुळे वाटतात, पण त्यांचा संबंध नाही. कानडीतलं गाव मात्र 'हळ्ळि', त्यात 'ळ' आहे. संस्कृतात 'ळ'चा 'ल' होऊन गाव आणि सरडवर्गातला हा प्राणी दोघेही 'पल्ली' झाले. कोशात एकाच शब्दापुढे हे दोन अर्थ दिसले की एकातून दुसरा निघाला असं समजू नये.

इंग्रजी 'पॅल'ची वाट सगळ्यांत लांबची. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, तो इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या बोलीतून. रोमानी ही भारतातून गेलेली आर्य भाषा. त्यांचा 'फ्राल' किंवा 'प्राल' म्हणजे भाऊ, मूळ संस्कृत 'भ्रातृ'. रोमानीत भ, ध, घ यांचे फ, थ, ख झाले : भूमीचं 'फुव', धुराचं 'थुव', आणि 'घर्म'चं 'खम', म्हणजे सूर्य. आपल्याकडे त्याच 'घर्म'चा घाम झाला! तेव्हा 'पॅल'चं नातं आपल्या 'भाऊ'शी, आणि इंग्रजीतल्याच 'ब्रदर'शीही. 'पाल'शी काही नाही.

राहिली यात्रेतली 'पालं', म्हणजे भटक्यांचे तंबू. हिंदीतही 'पाल' म्हणजे शीड, तंबू. आंबे पिकवायची आढी, तीही 'पाल'.

लिहिताना गोंधळ टाळायचा तर लिंग आणि सामान्यरूप पाहावं. भिंतीवरची पाल स्त्रीलिंगी : ती पाल, अनेक पाली, 'पालीवर'. तंबू नपुंसकलिंगी : ते पाल, अनेक पालं, 'पालावर'. 'पालीवर राहणारे लोक' असं छापलेलं दिसलं तर ते चूकच. झाडाचा 'पाला' संस्कृत 'पल्लव'पासून, त्याचं सामान्यरूप 'पाल्या-'. पाल्य, म्हणजे ज्याचा सांभाळ करायचा तो, त्याचंही 'पाल्या-'. म्हणून 'पाल्याची काळजी घ्या' ही सूचना शाळेच्या फलकावर असली तर मुलांबद्दल, आणि रोपवाटिकेत असली तर पानांबद्दल. तिथे 'पानांची' लिहिलेलं बरं.