पॉश, मुंगूस आणि चुकीतून जन्मलेले इंग्रजी शब्द

तुम्ही विचारलंय की 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' हे खरं का, 'मंगूस' हा शब्द खरंच मराठीतून गेला का, त्याचं अनेकवचन काय, आणि मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी असे आणखी शब्द कोणते घ्यावेत. बरीच वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे या प्रश्नांशी माझा जुना संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पॉश. गोष्ट अशी सांगतात : इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या बोटीवर डाव्या हाताच्या ('पोर्ट'), म्हणजे उत्तरेकडच्या खोल्यांना ऊन कमी लागायचं. परतीच्या प्रवासात तीच सावलीची बाजू उजवीकडे ('स्टारबोर्ड') यायची. श्रीमंत प्रवासी जास्त पैसे मोजून त्या खोल्या घ्यायचे आणि त्यांच्या तिकिटावर पी-ओ-एस-एच असा शिक्का पडायचा. ऐकायला इतकी सुबक की मीही काही वर्षं ती वर्गात सांगितली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण असा शिक्का असलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. जी पी अँड ओ कंपनी या बोटी चालवायची, तिच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. उलट एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत 'पॉश' हा शब्द आधी चिल्लर पैशासाठी आणि नंतर छानछोकी माणसासाठी वापरल्याच्या नोंदी आहेत. आजच्या अर्थाशी त्यांचा नेमका धागा कोशकारांनी जोडून दिलेला नाही. म्हणून चांगल्या कोशात या शब्दापुढे 'उगम अनिश्चित' असंच लिहिलेलं असतं, आणि मला ते फार प्रामाणिक वाटतं.

यातून एक पारख मुलीला जरूर शिकवा. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल इंग्रजीत रुजली ती विसाव्या शतकात, मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात. 'रडार' हा तसा खरा शब्द, १९४० सालचा. त्यामुळे एखादा जुना शब्द अमुक चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला असं कोणी सांगितलं की आधी शंका घ्यायची.

आता मुंगूस. हो, कोशकार हा शब्द आपल्याच 'मुंगूस'वर नेऊन ठेवतात. मराठीच्या मागे तेलुगू 'मुंगिस' आणि कन्नड 'मुंगिसि' उभे आहेत, म्हणजे मूळ द्राविडी कुळातलं. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता, थेट जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. नंतर इंग्रजांच्या कानाला त्या शब्दाचं शेपूट आपल्या 'गूस'सारखं, म्हणजे हंसासारख्या त्या पक्ष्याच्या नावासारखं वाटलं आणि लेखनही तसंच स्थिरावलं. पक्ष्याचा आणि मुंगसाचा काडीचाही संबंध नाही.

परका शब्द ओळखीच्या आवाजात बसवून घ्यायच्या या सवयीला इंग्रजीत एक नावही पडलं : 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी आपल्याकडच्या दोन आडनावांसारखा ऐकला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जो मोठा कोश १८८६ साली छापून आला, त्याला हेच नाव दिलं गेलं. आपण तरी काय वेगळं केलं? गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या 'आफोन्सो'चा आपल्या तोंडी 'हापूस' झालाच की.

प्रकल्पासाठी मात्र मी सुचवेन 'अंपायर'. क्रिकेट पाहणाऱ्या कुठल्याही मुलीला तो लगेच भिडेल. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे ज्याची जोड नाही असा, विषम. दोन पक्ष भांडत असतील तर दोघांपैकी कुणाचाही नसलेला तिसरा. आपला 'तिऱ्हाईत' याच कल्पनेतून आलेला आहे, त्याच्याही पोटात 'तीन' आहे. इंग्रजीत तो आला 'नूम्पेर' असा, क्रिकेटच्या कितीतरी आधी, तंटे सोडवणाऱ्या माणसासाठी. मग गंमत झाली. इंग्रजीत नामाआधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागतो. 'अ नूम्पेर' हे भरभर बोलताना 'अ‍ॅन ऊम्पेर' असं ऐकू आलं. शब्दाचा पहिला 'न' शेजारच्या शब्दाने उचलून नेला, तो कायमचा.

'एप्रन'चंही तसंच. मूळ 'नेप्रन', म्हणजे छोटं कापड. जेवणाच्या टेबलावरचा 'नॅपकिन' त्याचा सख्खा भाऊ, त्याच्याकडे 'न' शाबूत आहे. 'अ‍ॅडर' हा विषारी साप पूर्वी 'नॅडर' होता, जर्मनमध्ये आजही 'नाटर' आहे. 'निकनेम'मध्ये उलटी चोरी झाली : 'एक' म्हणजे जादा, 'अ‍ॅन एकनेम' म्हणजे जादा नाव, त्याचं झालं 'अ नेकनेम'. (हा 'एक' आपला एक नव्हे, बरं का. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.)

याच यादीत बरेच जण 'ऑरेंज'ही घालतात, तिथे जरा थांबा. संस्कृत 'नारङ्ग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांहा' ही वाट बरोबर आहे. आपली नारिंगी त्याच घरातली. पण 'न' हरवला तो इटली-फ्रान्सकडे. इंग्रजांच्या हाती शब्द आला तेव्हा तो आधीच गळलेला होता, त्यामुळे हा दोष इंग्रजीच्या माथी मारू नये.

दुसरी एक मजेशीर जात म्हणजे एकवचनाला अनेकवचन समजल्याने झालेले शब्द. मटारच्या एका दाण्यालाही इंग्रजीत पूर्वी 'पीज' म्हणत. शेवटचा 'ज' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचन, म्हणून त्यांनी 'पी' असं नवं एकवचन घडवलं. मराठीत याच्या उलट झालंय. 'अहवाल' हे अरबीत 'हाल'चं अनेकवचन, आणि आपण बिनदिक्कत 'एक अहवाल, दोन अहवाल' म्हणतो. माझ्या मते हे उदाहरण प्रकल्पात इंग्रजीच्या शेजारी ठेवावं, म्हणजे चुका फक्त त्यांच्याच भाषेत होतात असं मुलीला वाटणार नाही.

वाचताना झालेल्या चुकांचे दोनच शब्द सांगतो. 'सिलॅबस' : ग्रीक 'सित्तिबा' म्हणजे ग्रंथाच्या गुंडाळीला बांधलेली चामड्याची चिठ्ठी, जिच्यावर त्याचं नाव असे. पंधराव्या शतकात सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाची पत्रं छापताना तो शब्द चुकून 'सिलाबोस' असा पडला आणि तीच चूक पुढे जगभरच्या शाळांत गेली.

दुसरा 'डॉर्ड'. वेब्स्टरच्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला होता. प्रत्यक्षात रसायनशास्त्राच्या संपादकाने १९३१ साली चिठ्ठीवर लिहिलं होतं 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी वापरतात. ती चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि तीन अक्षरगट एकत्र वाचले गेले. पुढे १९३९ मध्ये एका संपादकाला खटकलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा उलगडा झाला. व्युत्पत्तीचा रकाना रिकामा दिसल्यावर ज्याला चैन पडलं नाही, त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मुलीला प्रत्येक शब्दापुढे दोन गोष्टी लिहायला सांगा : तो पहिल्यांदा लिखित सापडतो ते साल किंवा शतक, आणि तेव्हाचं त्याचं रूप. या दोन रकान्यांत लिहिण्यासारखं काही सापडलं नाही तर तो शब्द यादीतून काढा, गोष्ट कितीही आवडली असली तरी.

आणि राहिलेला प्रश्न : 'गूस'चं 'गीस' होतं, पण 'मंगूस'चं 'मंगीस' होत नाही. 'मंगूसेस' लिहा.