ग्रीक भांड्यांवरचा काळा रंग आणि दोन शैली

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: काळ्या आकृत्यांची आणि तांबड्या आकृत्यांची शैली ओळखायची कशी, आणि अडीच हजार वर्षांत तो काळा रंग उडाला कसा नाही. आधी दुसरी गोष्ट घेतो.

तो वरून फासलेला रंग नाही, मातीच आहे. अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. ती पाण्यात कालवायची, जाड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरच्या अतिबारीक मातीचा घोळ करून त्याने चित्र काढायचं. मग एकाच भट्टीत तीन टप्पे. आधी हवा खेळती, सगळं तांबडं. मग झरोके बंद, ओली लाकडं, ९०० अंशांच्या आसपास उष्णता. धुरात भांडं पार काळं पडतं आणि तो बारीक लेप काचेसारखा घट्ट होतो. शेवटी पुन्हा हवा सोडली की भांडं तांबडं होतं, पण लेपात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. वेळ चुकली तर अख्खी भट्टी वाया. म्हणून कुंभार भोक पाडलेले तुकडे आत ठेवून मधूनच आकड्याने ओढून बघत.

आता शैली. जुन्या पद्धतीत आकृती काळी भरायची आणि तपशील टोकदार हत्याराने कोरायचे. व्हॅटिकनमधल्या, एक्सेकियस या चित्रकाराच्या भांड्यावर ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीस आणि एजॅक्स फासे खेळतायत. त्यांच्या झग्यांवरची कोरीव नक्षी जवळून बघाच, असा हात मला दुसऱ्या कुणाचा दिसलेला नाही. इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमारास अथेन्समध्ये उलटं सुरू झालं: पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या रंगाची, तपशील कुंचल्याने. दाट घोळाची रेघ किंचित उठून दिसते, पातळ घोळाची तपकिरी. कोरण्याची सक्ती गेली आणि स्नायू, वळलेली पाठ, कपड्यांच्या चुण्या काढता येऊ लागल्या. युथिमिदीस या चित्रकाराने तर पाठमोऱ्या नाचणाऱ्याच्या भांड्यावर आपल्या प्रतिस्पर्धी चित्रकाराबद्दल लिहूनच टाकलं, 'असं युफ्रोनियसला कधी जमलं नाही!'

फोटोत गोंधळ होत असेल तर म्युनिकमधलं आंदोकिदीस चित्रकाराचं भांडं शोधा. दोन्ही बाजूंना पलंगावर रेललेला ग्रीक वीर हेराक्लीस आणि समोर अथीना देवी, एका बाजूला काळ्या शैलीत, दुसऱ्या बाजूला तांबड्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आधी रेघा कोरलेल्या की काढलेल्या ते बघा, रंगाकडे नंतर.