पंधराच्या जागी वीसचा फ्यूज घालू नका

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटचा 15 अँपिअरचा फ्यूज वारंवार उडत असेल तर तो घरी कसा तपासावा व बदलावा, आणि गॅरेजवाल्याने सुचवल्याप्रमाणे त्या जागी 20 अँपिअरचा घातला तर चालेल का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. वीसचाही नाही, पंचवीसचाही नाही, आणि आजच्या दिवस घरी पोहोचेपर्यंत म्हणूनही नाही. ज्या गॅरेजमध्ये हा सल्ला मिळाला तिथे इंजिनचे, ब्रेकचे, क्लचचे काम खुशाल द्या, पण वायरिंगला हात लावू देऊ नका.

फ्यूज हा सॉकेटच्या किंवा चार्जरच्या रक्षणासाठी असतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो मुख्यतः वायरीसाठी असतो. फ्यूजच्या पेटीपासून सॉकेटपर्यंत जी वायर डॅशबोर्डच्या आतून, इतर कितीतरी वायरींच्या जुडग्यात बांधून नेलेली असते, तिची जाडी कारखान्यातच ठरते, आणि ती वायर जेवढा प्रवाह निर्धोकपणे सोसू शकते त्या मानाने फ्यूजचा आकडा ठरतो. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पंधराच्या जागी वीस अँपिअर वाहू लागले तर प्रवाह एक तृतीयांशानेच वाढतो, पण उष्णता पावणेदोन पटींहून अधिक होते, आणि तीस वाहू लागले तर ती चौपट होते. जुडग्याच्या मध्यभागी दाबून बसलेल्या वायरीला ही उष्णता बाहेर टाकायला वाव नसतो. फ्यूज मोठा घातल्याने वायर जाड होत नाही, आणि हे ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी गेली कित्येक वर्षे वाद घालत आलो आहे.

माझे कऱ्हाडला मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावांतून पंपांच्या मोटारी जळून माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या अनेकींचे कारण एकच असते. किटकॅटमधली, म्हणजे चिनीमातीच्या फ्यूजमधली, तार सारखी जाते म्हणून कोणीतरी तिथे जाड तांब्याची तार पिळून बसवलेली असते. पुढे एखादा फेज गेला किंवा पंप अडकला की ती तार शाबूत राहते आणि आतले वाइंडिंग काळे पडते. शेतकऱ्याचे पाणी थांबते, ऐन उन्हाळ्यात उसाला पाळी चुकते. त्यामुळे मोठा फ्यूज घालून भागवण्याचा सल्ला कोणी देताना दिसला की मला गप्प बसवत नाही.

आता दाजींच्या गाडीची हकीकत सांगतो, कारण तुमचा प्रश्न आणि त्यांची गाडी यांत फारसा फरक नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि घाटातल्या प्रवासासाठी तिला पुढे दोन फॉग लॅम्प बसवून घेतले. ज्याने ते बसवले त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्यात 55 वॉटऐवजी 100 वॉटचे बल्ब घातले, आणि दुसरी म्हणजे बॅटरीपासून वेगळी वायर व रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा खटका) न टाकता डॅशबोर्डच्या मागे सॉकेटचीच वायर सोलून तिथून जोड घेतला. 100 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टवर साडेसोळा अँपिअरच्या वर प्रवाह झाला. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या आसपास असते, त्यामुळे त्याहूनही थोडा अधिक, आणि त्यात मोबाईलच्या चार्जरची भर. सर्व मिळून वीसच्या जवळ. 15 चा निळा फ्यूज अशा वेळी लगेच उडत नाही, काही मिनिटे तग धरतो आणि मग जातो. गाडीतल्या या चपट्या, दोन पात्यांच्या ब्लेड फ्यूजचे मानकच तसे असते: आकड्याच्या 135 टक्के प्रवाहावर त्याला उडायला दहा मिनिटांपर्यंत मुभा असते, दुप्पट प्रवाहावर मात्र त्याने पाच सेकंदांच्या आत उडले पाहिजे. दाजींचा फ्यूज दिवे लावल्यावर थोड्या वेळाने जायचा. तो आपले काम चोख करत होता.

दाजींनी गाडी पुन्हा त्याच माणसाकडे नेली. त्याने निळा फ्यूज काढून 30 चा हिरवा बसवला. त्यानंतर फ्यूज जाणे थांबले, आणि आमच्या वादात दाजींना मोठे प्रमाणपत्र मिळाले. मी त्यांना त्याच आठवड्यात सांगितले होते की हा फ्यूज काढा, दिव्यांना वेगळी वायर टाका, मी स्वतः टाकून देतो. दाजींचे म्हणणे असे की, मी मोटारी गुंडाळणारा माणूस, गाडीतले मला काय कळणार. आणि दिवे लागत आहेत, फ्यूज जात नाही, मग दोष कुठे आहे ते दाखव. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यापुढे आपल्याकडे एका मर्यादेपलीकडे बोलता येत नाही. मी बोलणे थांबवले.

पुढच्या पावसाळ्यात भाचीच्या लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही त्या गाडीतून चिपळूणला निघालो. दाजी गाडी चालवत होते, मी शेजारी होतो, मागे ताई आणि भाची. कोयनानगर सोडल्यावर पाऊस वाढला आणि पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला तेव्हा धुके इतके दाट होते की समोरून येणारा ट्रक अगदी जवळ आल्यावरच दिसत होता. फॉग लॅम्प सतत चालू होते आणि अशा ठिकाणी ते चालू असणे योग्यच होते. थोड्या वेळाने मला प्लास्टिकचे आवरण तापल्याचा वास आला. हा वास माझ्या ओळखीचा आहे. मी दाजींना लगेच दिवे बंद करून गाडी डोंगराच्या बाजूला घ्यायला सांगितले. ते म्हणाले, क्लचचा वास असेल. पुढच्याच वळणावर डॅशबोर्डच्या खालून धूर आला.

गाडी थांबली. मी ताईला आणि भाचीला पावसातच बाहेर काढून कड्याच्या बाजूला उभे केले, कारण धूर येणाऱ्या गाडीत बसण्यापेक्षा भिजणे बरे. दिव्यांचे बटण बंद करूनही धूर थांबेना. तोपर्यंत त्या वायरीचे आवरण वितळून ती शेजारच्या वायरींना चिकटली होती. माझ्या पिशवीत दहा नंबरचा पाना कायम असतो. बॉनेट उघडून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले तेव्हा कुठे धूर ओसरला. पाना त्या दिवशी नसता तर काय झाले असते, हा विचार मी आजही फार लांब जाऊ देत नाही. निगेटिव्हच आधी काढायचे, हेही सांगून ठेवतो, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीच्या पत्र्याला टेकला तर तिथेच मोठी ठिणगी पडते.

मग मी टॉर्चच्या उजेडात फ्यूजची पेटी उघडली. हिरवा फ्यूज धडधाकट होता, आतली पट्टी अखंड होती. तो काढून खिशात टाकला, फॉग लॅम्पचा जोड कापला, उघड्या पडलेल्या वायरींना टेप गुंडाळली आणि टर्मिनल पुन्हा बसवले. सुदैवाने हेडलाइट आणि वायपर चालू झाले आणि आम्ही अगदी हळू पोफळीपर्यंत उतरलो. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उतरवला तेव्हा हातभर लांबीचा जुडगा एकमेकांत वितळून गोळा झालेला होता. तो सगळा भाग नवा टाकावा लागला आणि त्या खर्चात कित्येक वर्षे पुरतील इतके निळे फ्यूज आले असते.

वाद इथे संपायला हवा होता, पण दाजींनी तो उलट फिरवला. त्यांचे म्हणणे असे झाले की, वायर जळूनही फ्यूज उडाला नाही, याचा अर्थ फ्यूजच खराब निघाला. चांगल्या प्रतीचा 30 चा फ्यूज असता तर असे झाले नसते. घरातल्या प्रत्येक कार्यात ते हे सांगतात आणि माणसे मान डोलावतात. म्हणून मी तो फ्यूज दुकानात तपासला. बॅटरीला 100 वॉटचे दोन बल्ब लावून, म्हणजे फॉग लॅम्पएवढाच भार देऊन, तो संध्याकाळभर चालू ठेवला. फ्यूज जेमतेम कोमट झाला. नंतर तसेच सहा बल्ब एकत्र लावले, म्हणजे सुमारे 50 अँपिअर, तेव्हा तो अर्ध्या मिनिटाच्या आत उडाला. म्हणजे फ्यूज उत्तम होता. त्याला तीस अँपिअर जाऊ द्यायला सांगितले होते आणि त्याने जाऊ दिले. वीस अँपिअरने तापणारी वायर त्याच्या हिशोबात नव्हतीच. दोष फ्यूज बनवणाऱ्याचा नाही, तो तिथे बसवणाऱ्याचा आणि बसवू देणाऱ्याचा आहे.

आता तपासणीबद्दल. पेटी कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत असते. बहुधा एक डॅशबोर्डच्या खाली आणि दुसरी बॅटरीच्या जवळ असते, आणि कोणता फ्यूज कशाचा ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेले असते. फ्यूज काढून उजेडात धरला की आतली पट्टी तुटलेली दिसते. पट्टी मधोमध सावकाश वितळलेली असेल तर भार जास्त होत होता असे समजावे; आतले प्लास्टिक काळे पडून धातूचे शिंतोडे उडालेले असतील तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. मात्र निव्वळ डोळ्यांवर विसंबू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पची, म्हणजे एकीकडे क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेल्या तपासणीच्या दिव्याची, क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावून, चावी फिरवलेली असताना, दोन्ही ठिपक्यांना टोक लावून पाहावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला आहे, एकीकडेच लागला तर उडालेला आहे, आणि कुठेच लागला नाही तर पाठीमागून पुरवठाच येत नाही. नवा फ्यूज बसवताना चावी बंद ठेवा, चार्जर काढून घ्या, आणि मिनी व नेहमीचा असे आकार वेगवेगळे असतात याकडे लक्ष द्या. तपकिरी साडेसात, तांबडा दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, पारदर्शक पंचवीस, हिरवा तीस, असे रंग असले तरी पाठीवरचा आकडा वाचूनच घाला.

तुमच्या सॉकेटबद्दल इतकेच सांगतो. नवा 15 चा फ्यूज घालून सॉकेट रिकामे ठेवा. तरीही तो उडाला तर आधी सॉकेटच्या तळाशी नाणे किंवा चार्जरचा तुटलेला तुकडा पडला आहे का ते पाहा. नसेल तर पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडली असण्याची शक्यता मोठी असते आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे आहे. रिकामे असताना टिकत असेल आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप लावल्यावर जात असेल तर त्या पंपावरचे वॉट वाचा. कित्येक सॉकेटांवर 120 वॉट, म्हणजे दहा अँपिअर, अशी मर्यादा छापलेली असते आणि पंप त्याहून जास्त ओढतात. असे पंप क्लिपने थेट बॅटरीला लावायचे मिळतात, तोच घ्या. तुमच्या गाडीत कोणी सॉकेटच्या वायरीवरून दिवे, अॅम्प्लिफायर किंवा कॅमेरा जोडला असेल तर तो जोड काढा आणि त्याला बॅटरीपासून पुरेशा जाडीची वेगळी वायर, बॅटरीच्या जवळ स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. बाजारात हलक्या प्रतीचे फ्यूज येतात जे खरोखरच वेळेवर उडत नाहीत, तेव्हा सुट्टे स्वस्त पुडे घेऊ नका; दाजींचा तो मुद्दा त्यांच्या गाडीला लागू नसला तरी खोटा नाही. हाताने पिळलेला सैल जोड कमी प्रवाहातही तापतो आणि त्यापासून योग्य आकड्याचा फ्यूजसुद्धा वाचवू शकत नाही. एअरबॅगच्या वायरिंगला, आणि इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींना घरी हात लावू नका. आणि झाकणावर किंवा पुस्तिकेत तुमच्या सॉकेटसाठी 20 च लिहिलेले असेल, पण आधीच्या कोणी तिथे चुकून 15 घातला असेल, तर 20 घालणे बरोबर आहे आणि तुमच्या गॅरेजवाल्याबद्दल मी वर जे लिहिले ते मागे घेतो. पण ते झाकण आधी स्वतः वाचा. दाजींच्या गाडीच्या झाकणावर 15 छापलेले होते, आणि ते आम्ही दोघांनीही वाचलेले होते.