तोंडाला वास आणि पोटावर आळ

प्रश्न : दोन वेळा दात घासूनही तोंडाला वास येतो. पोटातल्या जंतूंमुळे असं होतं म्हणतात. एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) करून घेऊ का?

नुसत्या वासासाठी नको. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आली तरच पोटातली हवा वर येते. त्यामुळे दहापैकी आठ-नऊ जणांत वासाचं मूळ तोंडातच सापडतं. एक करून पाहा. चमचा पालथा धरून जिभेच्या पार मागच्या भागावरून हलकेच ओढा आणि निघालेला पांढरट थर जरा वेळाने हुंगा. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड वगैरे गंधकयुक्त वायूंचा. हवा न लागणारे जंतू अन्नाचे कण आणि गळलेल्या पेशी कुजवून ते तयार करतात. अशा वेळी आधी दंतवैद्य गाठा. हिरड्यांखालची घाण ब्रशने निघत नाही. तिथे काही नसेल तर टॉन्सिल आणि सायनस बघायचे. पोटाची पाळी त्यानंतर. मात्र पोटदुखी, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणं असेल तर थांबू नका. ती तपासणी वासासाठी नसते, पण लागतेच.

प्रश्न : माझी एच. पायलोरी (पोटात राहणारा एक जंतू) टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. औषधांचा कोर्स घेतला की वास जाईल?

कदाचित. संबंध अगदीच हवेतला नाही. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन पाहिलं. काही दिवसांत त्यांना मळमळू लागलं आणि तोंडाला वास येत असल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. (सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं, प्रयोग मात्र घरी करून बघू नका.) पण जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू असतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. वास आणि जंतू एकाच माणसात सापडले म्हणून एकामुळे दुसरं झालं, असं होत नाही.

त्यात एक गंमत आहे. कोर्समध्ये अनेकदा मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असतं, आणि ते तोंडातल्या त्याच हवा न लागणाऱ्या जंतूंनाही मारतं. पेशंट खुशीत सांगतो, 'डॉक्टर, वास गेला!' महिना-दोन महिन्यांनी तोच पेशंट तोंडावर हात धरून परत येतो. पोटातला जंतू गेलेला असतो, हिरड्या मात्र तशाच असतात.

तरीही कोर्स पूर्ण करा, पण तो अल्सर आणि पोटाच्या कॅन्सरचा धोका कमी करण्यासाठी. बहुधा 14 दिवसांचा असतो. तोंडाला धातूसारखी चव येते, कोर्समध्ये बिस्मथ हे औषध असेल तर जीभ आणि शौच काळी पडते. घाबरून गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट कोर्सने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात.

प्रश्न : एच. पायलोरीच्या ब्रेथ टेस्टमध्ये श्वासाचा वास तपासतात का?

नाही. नावामुळे हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. खुणेचा (म्हणजे नंतर ओळखता येईल असा) कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसतो. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कोर्सनंतरची तपासणीही किमान चार आठवड्यांनीच. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट त्यासाठी उपयोगाची नाही. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.

प्रश्न : घरात कुणालाच वास येत नाही, पण मला खात्री आहे. मी बोलताना लांब उभी राहते.

स्वतःच्या श्वासाचा अंदाज स्वतःला नीट येत नाही, नाक त्याला सरावलेलं असतं. समोरच्याने नाकाला हात लावला की आपल्याचमुळे, असंही वाटत राहतं. खरं बोलणाऱ्या एकाच व्यक्तीला विचारा, आणि एकदा दंतवैद्याला. दोघांनीही नाही म्हटलं, तर पोटाच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. या भीतीवरही मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगला इलाज आहे.