बेसबॉलमधले कोणते रेकॉर्ड कधीच मोडले जाणार नाहीत? डिमॅजिओच्या ५६ मॅचच सगळ्यात अवघड का मानतात?

सगळीकडे ५६, ५६ ऐकून कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो. मी बाल्टिमोरजवळ राहतो, तीसेक वर्षं झाली, पक्का ओरिओल्सवाला, म्हणजे बाल्टिमोरच्या बेसबॉल टीमचा चाहता. निःपक्षपाती उत्तर हवं असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी वाचा.

न्यू यॉर्क यांकीज टीमच्या जो डिमॅजिओचं मोठेपण मान्य. १९४१ मध्ये १५ मे ते १६ जुलै, सलग ५६ मॅचमध्ये किमान एक तरी हिट (बॉल मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या टप्प्यावर, सुखरूप पोचणं), आणि त्यानंतर सगळ्यात जवळ पोचलेला पीट रोझ १९७८ मध्ये ४४ वर अडकला. पण हिशोब बघा ना, दोन महिन्यांचा मामला आहे. दोन महिने फॉर्म टिकला आणि नशिबाने साथ दिली की झालं. नशीब म्हणजे अक्षरशः नशीब, त्यातला एक हिट बॉल वेडावाकडा उसळून शिकागोच्या ल्यूक अ‍ॅपलिंगच्या खांद्यावर आदळला म्हणून मिळालेला, आणि शेवटी क्लीव्हलंडला स्ट्रीक तुटली ती पण थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने दोन जबरदस्त बॉल अडवले म्हणून. असं नशीब उद्या अजून कुणाचं तरी फळफळेल.

आमच्या ओरिओल्सच्या कॅल रिपकनचं तसं नाही. ३० मे १९८२ पासून सप्टेंबर १९९८ पर्यंत सलग २,६३२ मॅच. सीझनला १६२ मॅच, म्हणजे सोळा सीझनपेक्षा जास्त, एकही दांडी नाही, आणि ते पण बहुतेक काळ शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डिंगची जागा), जिथे सेकंड बेसवर घसरत येणारा रनर सरळ तुमच्या पायावर येतो. त्यातली पहिली पाच वर्षं तर पठ्ठ्याने एक इनिंगसुद्धा सोडली नाही, सलग ८,२४३ इनिंग. ते थांबलं १९८७ मध्ये टोरांटोला. ब्लू जेजनी त्या एका मॅचमध्ये दहा होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) हाणले, १८-३ असा मार पडला, आणि मॅनेजरने त्याला बाहेर बसवलं. मॅनेजर कोण, तर त्याचा बापच!

आता साडूचा विषय. आमचे साडू न्यू जर्सीला असतात, यांकीजचे भक्त. १९९५ ला लेबर डेसाठी सहकुटुंब आमच्याकडे आलेले, पोराला ताप भरला म्हणून बुधवारपर्यंत मुक्काम वाढला आणि नेमका तो बुधवार म्हणजे ६ सप्टेंबर, यांकीजच्याच लू गेरिगचा सलग २,१३० मॅचचा रेकॉर्ड मोडायचा दिवस. तिकीट मिळायचा प्रश्नच नव्हता, टीव्हीसमोर बसलो. ओरिओल्सच्या कॅमडेन यार्ड्स मैदानाच्या राइट फील्डमागे रेल्वेचं जुनं लांबलचक विटांचं गोडाऊन आहे, त्याच्या भिंतीवर रिपकनच्या सलग मॅचचे हे मोठाले आकडे लटकवलेले. चौथ्या इनिंगला रिपकनने होमरन मारला. पाचवी अर्धी झाली, ओरिओल्स पुढे होते, म्हणजे नियमाप्रमाणे मॅच धरली गेली, आणि भिंतीवरच्या शून्याचा एक झाला. खेळ थांबला, वीसेक मिनिटं नुसत्या टाळ्या. टीममधल्या दोघांनी त्याला डगआऊटमधून अक्षरशः ढकलून बाहेर काढला, मग तो कडेकडेने अख्ख्या ग्राउंडला चक्कर मारून आला, प्रेक्षकांशी, पोलिसांशी, समोरच्या एंजल्सच्या प्लेअर्सशी हात मिळवत. माझे डोळे भरून आलेले आणि साडू सोफ्यावर लोळत म्हणतात, "एवढं काय त्यात? रोज कामावर गेला. हजेरीचं बक्षीस शाळेत पण देतात."

सासरी साडू म्हणजे हुशार जावई, दर दोन-तीन वर्षांनी नवी कंपनी, नवा पगार. मी एकाच लॅबमध्ये एकाच टेबलाला चिकटलेला. माझ्याबद्दल सासरे म्हणायचे, "नियमित आहेत हो." त्यामुळे ते हजेरीचं वाक्य रिपकनला होतं की मला, हे मला तरी तेव्हाच कळलं.

साडू एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. त्या रात्री डिमॅजिओ स्वतः तिथे हजर होता, गेरिग त्याचा टीममेट, मॅचनंतर त्याने भाषण करून रिपकनचं कौतुक केलं. १९९८ ला रिपकन स्वतःहून म्हणाला आज मी नाही खेळत, तेव्हा समोर यांकीजच होते आणि त्यांचे प्लेअर डगआऊटच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवत उभे राहिले. म्हणजे ज्यांच्या घरचा रेकॉर्ड गेला त्यांनी टाळ्या वाजवल्या, आमचे साडू अजून वाजवायचेत.

आणि रिपकनचा रेकॉर्ड मोडणार नाही कारण आता कुणाला मोडूच देणार नाहीत. मांडीचा स्नायू जरा धरला की दहा दिवस इंज्युरी लिस्टवर, काही झालं नसेल तरी टीमच सुट्टी देते, एवढा पैसा गुंतलेला असतो.

पिचर (बॉल टाकणारा) साय यंगच्या ५११ विन्स, म्हणजे त्याच्या नावावर धरलेल्या जिंकलेल्या मॅच, पण मोडणार नाहीत, पंचवीस वर्षं दरवर्षी २० जिंकल्या तरी ५०० च होतात, आणि आज पाच पिचर आळीपाळीने टाकतात, शंभरेक पिच झाले की काढतात, २० होतात कुठे. पण त्याचा काळच वेगळा, क्रिकेटमध्ये विल्फ्रेड रोड्सच्या ४,२०४ फर्स्ट क्लास विकेट आहेत तसं ते. रिकी हेंडरसनचे १,४०६ स्टोलन बेस (बॉल मारला न जाता पळून गाठलेला पुढचा बेस) मात्र खरंच अचाट, दुसऱ्या नंबरचा लू ब्रॉक ९३८ वर आहे.

आता साडूंच्या बाजूने एवढंच, की रिपकनची करिअर अ‍ॅव्हरेज .२७६ (शंभर प्रयत्नांत साधारण २८ हिट), आणि मधेमधे विश्रांती घेतली असती तर बॅटिंग सुधारली असती असं म्हणणारे तेव्हाही होते. असतील बरोबर. पण १९८८ ला टीम सुरुवातीच्या २१ मॅच ओळीने हरली, सहा हरल्यावर बापाला मॅनेजरच्या नोकरीवरून काढलं, तेव्हाही हा खेळायला उतरत होता. त्याला नुसती हजेरी म्हणायचं असेल तर म्हणा. बाकी "कधीच नाही" हे पण जपून बोलावं, एका सीझनला ५० होमरन आणि ५० स्टोलन बेस कुणाचेच नव्हते, २०२४ ला ओहतानीने करून टाकले.

अजून दोन राहिले. जॉनी व्हँडर मीर, १९३८, लागोपाठच्या दोन मॅचमध्ये नो-हिटर, म्हणजे समोरच्या टीमला मॅचभर एकही हिट नाही. मोडायला सलग तीन टाकावे लागतील, विसरा. आणि १९९९ ला फर्नांडो टाटिसने एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना मारलेला होमरन) मारले, दोन्ही एकाच पिचरला. पोराचं नाव पण फर्नांडो टाटिसच आहे आणि तो सध्या खेळतोय, शोधताना गल्लत करू नका.