वाचकांचे प्रश्न : रँचवर पाहुणे म्हणून जाताना

सुट्या जवळ आल्या की नातेवाइकांच्या रँचवर, म्हणजे गुरे-घोडे पाळण्याच्या मोठ्या कुरणशेतावर, राहायला जाणाऱ्या वाचकांची पत्रे वाढतात. त्यांतील काही निवडक प्रश्नांना पशुवैद्यकाच्या नजरेतून दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : माझी मावशी आणि काका बरीच वर्षे एका रँचवर राहतात. त्यांच्याकडे घोडे, गाई आणि थोड्या मेंढ्या आहेत. आमच्या मुलांनी ही जनावरे आजवर फक्त चित्रांत पाहिली आहेत. त्यांची भीती जावी आणि जनावरांनाही त्रास होऊ नये, यासाठी सुरुवात कशी करावी?

उत्तर : पहिल्या दिवशी मुलांना कशालाही हात लावू देऊ नका. कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी तासभर नुसते घोडे पाहावेत. हे कंटाळवाणे वाटेल असे तुम्हांला वाटत असेल, पण मुलांना एकदा घोड्याचे कान वाचायला शिकवले की ती तिथून हलायचे नाव घेत नाहीत. घोड्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. एक कान तुमच्याकडे आणि दुसरा मागून येणाऱ्या गाडीकडे, असेही दिसते. ज्या दिशेला कान, त्या दिशेला लक्ष. दोन्ही कान मागे नेऊन मानेला चिकटवले असतील, तर ती स्पष्ट ताकीद समजावी.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३५० अंशांपर्यंतचा परिसर दिसतो. दिसत नाही ते नेमके कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे. त्यामुळे समोरून थेट कपाळावर हात नेणे आणि मागून गुपचूप जवळ जाणे, या दोन्ही गोष्टींनी तो दचकतो, आणि दचकलेल्या घोड्याची लाथ कोणाला बसेल याचा नेम नसतो. हलक्या आवाजात बोलत, खांद्याच्या बाजूने, तिरके जावे. त्याने मान वळवून तळहात हुंगला, नाकपुड्यांचा उबदार श्वास हाताला लागला, की मग मानेवर किंवा खांद्यावर हात फिरवावा.

खाऊ घालण्याविषयी मात्र मी थोडा कडक आहे. घोड्याला उलटी होऊ शकत नाही. पोटात नको ते गेले तर ते बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात नाही, आणि पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेततो. कापून ढीग करून ठेवलेले हिरवळीचे गवतसुद्धा लवकर आंबते, म्हणून तेही देऊ नये. शिवाय गाईंच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; गाईंना ते मानवते, घोड्याला मात्र अगदी थोडे पोटात गेले तरी तो दगावू शकतो. तेव्हा मुलांनी प्रेमापोटी एका पिंपातले खाद्य दुसऱ्या जनावरासमोर नेऊ नये. मावशी जे देतील, तेच सपाट तळहातावर ठेवून, अंगठा बोटांना चिकटवून द्यावे.

प्रश्न : मी गाईंच्या कळपाकडे चालू लागलो की गाई दूर पळतात. माझे मेहुणे गेले की त्याच गाई शांत उभ्या राहतात, आणि ते त्यांना हवे तिकडे वळवतातही. हा केवळ ओळखीचा परिणाम आहे का?

उत्तर : ओळखीचा वाटा आहेच, पण निम्मे श्रेय मेहुण्यांच्या चालण्याला द्यावे लागेल. प्रत्येक गाईभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. त्याच्या बाहेर तुम्ही असाल तर ती नुसती पाहत राहते, आत पाऊल टाकले की दूर सरकते. माणसांची सवय असलेल्या गाईचे वर्तुळ लहान असते, मोकळ्या रानात वाढलेल्या गाईचे बरेच मोठे. त्या वर्तुळाच्या कडेशी उभे राहून तुम्ही तिच्या खांद्याच्या मागे गेलात तर ती पुढे चालते, खांद्याच्या पुढे आलात तर थांबते किंवा मागे वळते. टेंपल ग्रँडिन या अमेरिकी संशोधक महिलेने जनावरांच्या हाताळणीतील ही सूत्रे चित्रांसह मांडून जगभर पोहोचवली. तुम्ही बहुधा सरळ कळपाच्या मध्यावर, डोळे रोखून आणि झपाझप चालत जात असाल. शिकारी प्राणी नेमका तसाच येतो.

पुढच्या वेळी वर्तुळाबाहेर खाली न बसता उभे राहा आणि रवंथ पाहा. गिळलेला घास मानेतून खाली उतरताना दिसतो, क्षणभर जबडा थांबतो आणि दुसरा घास खालून वर येताना दिसतो. गाय दिवसातले सहा ते आठ तास यात घालवते, आणि निवांत रवंथ करणारा कळप हे सहसा तब्येत व मन दोन्ही ठीक असल्याचे लक्षण असते. गाय आणि तिचे वासरू यांच्या मधून मात्र कधीही जाऊ नका. वळू अंग आडवे करून, मान वाकवून आपली पूर्ण लांबी दाखवू लागला, तर तो तुम्हांला धमकावत आहे. पाठ न फिरवता हळूहळू मागे सरत कुंपण गाठावे. वळू असलेल्या आवारात पाहुण्याने मेहुण्यांशिवाय जाऊच नये, हे अधिक बरे.

प्रश्न : मी बारा वर्षांची आहे. आजोबांच्या रँचवर एक आई नसलेले कोकरू आहे आणि त्याला बाटलीने दूध पाजायचे काम या सुटीत माझ्याकडे आहे. मी त्याला बाळासारखे मांडीवर घेऊ का?

उत्तर : मांडीवर घेऊन लाड कर, पण दूध पाजताना त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहू दे. आई असती तर कोकरू तिच्या पोटाखाली मान किंचित वर करून प्यायले असते, तेवढ्याच उंचीवर बाटली धर. ते तशा स्थितीत चोखू लागले की त्याच्या पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या मोठ्या कप्प्याला वळसा घालून, जिथे पचायचे त्या चौथ्या कप्प्यात थेट पोहोचते. पाठीवर झोपवून पाजले तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पिताना त्याची शेपटी जोरजोरात हलेल, मध्येच ते बाटलीला ढुशीही देईल. दूध आणखी उतरावे म्हणून कोकरे आईच्या कासेला तशीच ढुशी देतात. किती आणि कितीदा पाजायचे ते आजोबांना विचार. लाडाने जास्त पाजलेले कोकरूही आजारी पडते.

कोकरू नर असेल तर त्याच्या कपाळावर हात टेकवून ढकलाढकलीचा खेळ अजिबात खेळू नकोस. आज त्याची गंमत वाटते, पण तोच मोठा मेंढा झाला की माणसाला न भिता टक्कर मारतो. हनुवटीखाली किंवा छातीवर खाजव, त्याला तेही तितकेच आवडते.

प्रश्न : बहिणीच्या रँचवर काळ्यापांढऱ्या रंगाचा एक चपळ कुत्रा आहे आणि मेंढ्यांमध्येच राहणारा एक मोठा पांढरा कुत्राही आहे. माझा मुलगा कुत्रावेडा आहे. दोघांशी त्याने खेळले तर चालेल का?

उत्तर : आधी बहिणीला विचारावे, कारण दोघेही कामावर आहेत आणि दोघांची कामे अगदी वेगळी आहेत. वर्णनावरून पहिला बॉर्डर कॉली असावा. तो अंग जमिनीलगत दबवून, नजर रोखून मेंढ्या हलवतो; शिकारीची सगळी पूर्वतयारी त्याच्यात असते, फक्त शेवटचा हल्ला नसतो. काम चालू असताना त्याला हाक मारली किंवा काठी फेकली, तर कळप विस्कटतो. काम संपल्यावर तो खुशाल खेळेल. दुसरा ग्रेट पिरेनीज किंवा तशाच राखणदार जातीचा असेल. अशी कुत्री पिल्लूपणापासून मेंढ्यांसोबत वाढवतात, त्यामुळे कळप हेच त्यांचे कुटुंब होते. मुलगा मेंढ्यांमागे धावला तर हा कुत्रा भुंकत मध्ये येऊन उभा राहील. अशा वेळी पळू नये, थांबावे आणि सावकाश मागे यावे. बहिणीसोबत जाऊन त्याची रीतसर ओळख करून घेतली, तर पुढचे दिवस सोपे जातील.

प्रश्न : आमची सून गरोदर आहे आणि आम्ही जाऊ तेव्हा मेंढ्या विण्याचा हंगाम असेल. तिने यावे का?

उत्तर : तिने तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आली तरी विणाऱ्या मेंढ्या-शेळ्या, नवजात कोकरे, वार आणि तिथे काम केलेल्यांचे कपडे यांपासून तिने लांबच राहावे. टॉक्सोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, लिस्टेरिया आणि क्यू ज्वर यांचे जंतू तिथून माणसाला लागू शकतात आणि गर्भाला घातक ठरू शकतात. बाकीच्यांनीही जेवणापूर्वी साबण-पाण्याने हात धुवावेत. केवळ सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण वासरांकडून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू अल्कोहोलला दाद देत नाही. कोंबड्यांची पिल्ले दिसायला गोंडस असली, तरी त्यांच्यापासून साल्मोनेलाची लागण होऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ती देऊ नयेत.

प्रश्न : परदेशातील भावाच्या रँचवरून परत येताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : बुटांची घ्यावी लागते. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चिखल-शेणाने माखलेल्या बुटांतून दूरवर जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००१ साली या रोगाची साथ आटोक्यात आणताना साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती. म्हणून बूट ब्रशने घासून, धुऊन, वाळवूनच सामानात ठेवा. अनेक देशांच्या सीमेवर ‘जनावरांच्या जवळ गेला होतात का’ असा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर ‘हो’ असेच द्या. फार तर अधिकारी बुटांचे तळवे तपासतील.