‘आन चाय’ म्हणा : व्हिएतनामविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची धानाची शेती आहे. रोवणी आटोपली की चौघं व्हिएतनामला जायचं म्हणतो. घरचे सगळे माळकरी. जेवणाचं जमेल का? – एक वाचक, लाखनी (जि. भंडारा)

उत्तर : जमेल. फक्त ‘चाय’ हा शब्द पाठ करा. तिकडे त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहारी. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी खातो. सूर सपाट ठेवा. चढवला तर त्याच शब्दाचा अर्थ जळणं होतो, खाली दाबला तर पळणं. म्हणून त्यांच्या लिपीतलं वाक्य मोबाइलवर ठेवा आणि दाखवा.

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. फो या शेवयांच्या वाडग्यातले तुकडे काढून देतील, पण त्याचं पाणी हाडं तासन्‌तास उकळून केलेलं असतं. साध्या पालेभाजीतही नुओक माम, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला रस, घालतात; फसगत बहुतेक इथेच होते. दुकानाच्या पाटीवरच ‘चाय’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त बसा. तिथे कोंबडीचं नाव दिलेला पदार्थ दिसला तरी दचकू नका, तो सोयाबीनचा किंवा गव्हाच्या ग्लुटेनचा, म्हणजे कणीक धुऊन उरणाऱ्या चिवट गोळ्याचा, असतो. त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, पुष्कळ बौद्ध लोक मांस खात नाहीत. त्या दिवशी बाजारातही चाय सहज मिळतं. जमल्यास मुक्कामाचे दिवस कॅलेंडर पाहून ठरवा.

प्रश्न : डोंगरावरचं धान कधी पाहावं? – तेच वाचक

उत्तर : सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. हनोईपासून सुमारे ३०० किलोमीटरवर मु कांग चाय इथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या बांध्या आहेत. ह्मोंग लोक त्या कसतात, वर्षाला एकच पीक घेतात, आणि तेव्हा ते पिवळंधम्मक असतं. तुमची कापणी त्यानंतरच असल्याने वेळही जुळते. घाटात दरडी कोसळतात, म्हणून दोन दिवस जास्तीचे ठेवा. मध्य व्हिएतनाममधली होई आन, दा नांग ही शहरं या फेरीत नकोत: तिथे सप्टेंबर ते डिसेंबर पावसाळा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोर. पैसे देताना २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा नीट पाहा. दोन्ही निळसर असतात, शून्यं मोजूनच द्या.

प्रश्न : तिकडची तांदळाची पापडी भिजवून गुंडाळतात. आमच्या घरच्या पापडाची तशी गुंडाळी का होत नाही? – एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : घरचा पापड नुसत्या तांदळाचा, भिजला की चिरतो. बाजारातल्या बांन्ह चांगमध्ये, म्हणजे तिकडच्या या पापडीत, बहुधा टॅपिओकाचं, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याचं, पीठ मिसळतात. त्याने लवचीकपणा येतो. तांदूळ भिजवून वाटायचा, उकळत्या भांड्याच्या तोंडावर ताणलेल्या कापडावर पातळ पसरायचा, झाकायचा. मिनिटभरात शिजलेला पापुद्रा बांबूच्या काडीने उचलून तट्ट्यावर वाळवतात. पापडीवरची जाळीदार नक्षी त्या तट्ट्याचीच.

घरी करायचं तर २२ सेंटिमीटरची पापडी साध्या पाण्यात २-३ सेकंद बुडवा आणि कडक असतानाच काढून ताटात ठेवा. अर्ध्या मिनिटात ती आपोआप मऊ पडते. मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवली की फाटते, गरम पाण्यात घातली की चिकट होते. उकडून, थंड पाण्याने धुऊन निथळलेल्या तांदळाच्या शेवया, काकडी, गाजर, पुदिना, तळलेला टोफू (सोयाबीनचं पनीर) असं मूठभर सारण खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. सारण ओलं नको. आधी खालची कड वर घ्या, मग दोन्ही बाजू आत मुडपा आणि घट्ट गुंडाळत न्या. गुंडाळ्या एकमेकींना चिकटू देऊ नका, ओलं फडकं झाका आणि दोन तासांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवल्या तर पापडी कडक होते. सोबत भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, सोया सॉस, लिंबू, गूळ आणि हिरवी मिरची गरम पाण्यात कालवून द्या.